नऊवारीची कुंची

वेणूबाई कशाकशाला घाबरते हे सांगायला बसले तर चहा गार होईल. लिफ्टला घाबरते, म्हणून गुडघे दुखत असताना जिने चढते. कुकरला घाबरते, शिट्टी व्हायची वेळ आली की ओट्यापासून लांब जाऊन उभी राहते. फोनवर अनोळखी नंबर दिसला की फोन माझ्याकडे आणून देते, म्हणते, तूच घे. या जगात ती घाबरत नाही ती फक्त मला. आता येरवड्याच्या आमच्या कॉलनीत माझ्या तोंडाला लागायची हिंमत पाण्याच्या टँकरवाल्याचीही होत नाही, पण वेणूबाई मला 'चूप बैस' म्हणते आणि मी चूप बसते.

मी सलीमा. आमची दारं समोरासमोर. मी ब्लाउज शिवते, माझा नवरा मैनुद्दीन रिक्षा चालवतो. वेणूबाईचा नवरा ज्ञानदेव कारखान्यात होता. आता रिटायर होऊन गॅलरीत पेपर वाचतो आणि कुणी काहीही सांगितलं तरी 'होईल, होईल सगळं ठीक' एवढंच बोलतो. माणसं वाशीमकडची. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली की वेणूबाईचं मराठी आता माझ्यापेक्षा शुद्ध झालंय. मात्र घाबरली की तिची वऱ्हाडी बाहेर येते. समोरून 'माय व!' ऐकू आलं की मी मशीन थांबवते.

तिची एक भीती मात्र चेष्टेची नव्हती.

तिची नम्रता झाली तेव्हा माझी लेक मंतशा अंगावर पीत होती. वेणूबाई बाळंतीण होऊन घरी आली आणि पोर नुसता टाहो फोडायची. शेवटी मी तणतणत गेले, की बाई, पाज की तिला. पोर खाटेवर एकटी लाल होऊन रडत होती आणि वेणूबाई मोरीत बसली होती. स्वतःचं दूध पिळून मोरीत टाकत होती. दूध काही कमी नव्हतं. डोळ्यांना धार लागली होती, पण हात थांबत नव्हता.

मी ओरडले, "डोकं फिरलंय का तुझं?"

"माझ्या दुधात विष हाये, सलीमा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. नम्रताच्या आधी तिला एक मुलगा झाला होता, सासरी, गावाकडे. चांगला बाळसेदार होता. घरात आला आणि पिवळा पडत गेला, मग प्यायचा थांबला, मग अंग ताठ करून पाठ मागे ओढायला लागला. एसटीनं तालुक्याच्या दवाखान्यात नेला आणि कापडात गुंडाळून परत आणला. बारसंही झालेलं नव्हतं. सासू एकदाच म्हणाली, 'हिचं दूध बाधलं त्याला.' पुन्हा कधी बोलली नाही, पण तेवढं पुरलं.

मी काय करणार? नम्रताला उचललं, भिंतीला टेकून बसले आणि पदराखाली घेतलं. उपकार वगैरे काही नाही. मंतशा आळशी, एका बाजूला पिऊन झोपायची, माझी छाती ठणकायची. मैनुद्दीन घरी आल्यावर म्हणाला, "दूध पाजलंस ना, मग आता ही आपली लेक." त्यानं ते आजवर पाळलं, नम्रताच्या लग्नात मुलीच्या बापासारखा आहेर केला. नम्रताही मला अम्मीच म्हणते. तिला सांगितलं एवढंच, की आईला दूध आलं नाही. भावाचं तर कुणी नावच काढलं नाही. वेणूबाईनं मला पोरीची शपथ घातली होती. सलीमाच्या पोटात काही राहत नाही असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, एवढी एक गोष्ट राहिली.

आणि वेणूबाईला तर पुरावाच मिळाला. जे मूल तिचं दूध प्यायलं ते गेलं, जे माझं प्यायलं ते जगलं. मी तरी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? खरं सांगते, मला आतून जरा ताठाच होता त्याचा.

आता नम्रता बाळंतपणाला माहेरी यायची ठरली, तेव्हा वेणूबाईनं पलंगाखालची लोखंडी ट्रंक बाहेर ओढली. ट्रंक सासूची. सासू नव्वदी पार करून, स्वतःच्या दातांनी भाकरी चावत गेलेली. त्यांच्यात नव्या बाळाला कोरं कापड घालत नाहीत. दीर्घायुषी माणसाचं जुनेर घालतात, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं. "आमच्या घरातल्या प्रत्येक लेकराला याच ट्रंकेतलं जुनेर घातलंय," वेणूबाई म्हणाली. सासूची नऊवारी तिनं माझ्यापुढे टाकली. जांभळी, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली.

"यातून कुंची शिव, झबली शिव, टोपडी, लंगोट, सगळं. उरेल त्याची गोधडी."

कापड उलगडलं आणि माझ्या नाकातून पाणीच आलं. डांबराच्या गोळ्या! घडीघडीत होत्या, काही विरून पावडर झालेल्या. वेणूबाई झुरळाला घाबरते, कसरीला घाबरते, त्यामुळे सासूसारखीच दर पावसाळ्यानंतर नवं पाकीट फोडून ट्रंकेत ओतायची.

"अगं, हे धुऊन तरी आण," मी शिंकत म्हटलं. "बाळ जन्माला येईल आणि परत आत जाईल या वासानं."

"धुतलं तर फाटेल, जीर्ण झालंय. तू शीव, चूप बैस."

मी चूप बसले. शिवताना डोळे चुरचुरायचे, मैनुद्दीन जेवायला बसला की म्हणायचा, आज भाजीत डांबर टाकलंस काय. पण कुंची अशी देखणी झाली, काठ बरोब्बर कपाळावर आला, की मीच दहा जणींना दाखवली. मग सगळे कपडे पुन्हा ट्रंकेत गेले, बाळ येईपर्यंत मुंगी लागू नये म्हणून. वर ताज्या गोळ्या.

मुलगा झाला. ज्ञानदेव पेढे वाटत सुटला. वेणूबाई मात्र बातमी ऐकून जिन्यातच बसली. "मुलगा हाये, सलीमा," म्हणाली. मी म्हटलं, अभिनंदन! ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग मला कळलं.

दवाखान्यातून सोडताना त्यांनी सांगितलं होतं, की थोडी कावीळ बहुतेक बाळांना होते, तपासायला आणा, आणि बाळ सुस्त वाटलं तर एकदम घेऊन या. नम्रता टाक्यांनी बेजार, तिचा नवरा साई बिल भरायला पळालेला, आणि ऐकायला उभा होता आमचा ज्ञानदेव. तो म्हणाला, "हो हो, होईल सगळं ठीक."

घरी बाळंतिणीची खोली बंद. वारा लागायला नको म्हणून खिडकी लावलेली, पडदा ओढलेला, पंखा बंद. बाळ कुंचीत, वर गोधडी, आणि सगळ्या खोलीत तो डांबराचा वास. बाहेरून आलेल्या माणसाला ठसका लागायचा. आतल्यांना सवय झाली होती, त्यांना काही वाटायचं नाही. मी गेले की नम्रता हसायची, "अम्मी, आमच्याकडे झुरळं येणारच नाहीत."

ती बाळाला पाजायला घ्यायची तेव्हा मी वेणूबाईकडे बघायचे. ती भिंतीकडे तोंड करून बसायची. डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलतायत. बाळाचा घोट गिळल्याचा आवाज आला की तिचे खांदे आखडायचे. नम्रताला वाटायचं आई जप करते. मला ते बघवायचं नाही, मी काहीतरी निमित्त काढून उठायचे.

एका दुपारी मी साडीला फॉल लावत होते आणि समोरून आवाज आला, अगदी हळू. "माय व." मी सुई कापडात तशीच टोचून गेले. वेणूबाईनं मला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"पिवळं पडून रायलं लेकरू."

"थोडं होतंच म्हणाले होते ना."

"थोडं नाही. मी पाहिलंय याआधी. मी पाहिलंय, सलीमा!"

नम्रताचा डोळा लागला होता. मी बाळाजवळ बसले, टोपडं वर केलं. कपाळ पिवळं. झबलं वर केलं, छाती पिवळी, पोट पिवळं, तळपायसुद्धा. बोटानं दाबून बघितलं तर दाबल्या जागीही पिवळंच. म्हणजे ही एका दुपारची गोष्ट नव्हती. वेणूबाई कालपासून टोपडं भुवयांपर्यंत ओढून ठेवत होती, पडदा उघडू देत नव्हती, नम्रताला दिसू नये म्हणून. मोरीत बादलीत लंगोट भिजत होते. एक उचलून बघितला. त्यावरचा डाग कोऱ्या चहाच्या रंगाचा होता. मी माझी पोरं वाढवली, शेजारणींची न्हाऊ घातली, असा डाग कधी पाहिला नव्हता.

"आणि हा रडत का नाही?" मी विचारलं.

गॅलरीतून ज्ञानदेव म्हणाला, "शहाणा आहे गं. सकाळपासून हूं नाही की चूं नाही."

ते ऐकून मला दरदरून घाम फुटला.

वेणूबाईनं माझा दंड धरला. "तिचं दूध बंद कर. माझं ती ऐकणार नाही, तुझं ऐकते. गाईचं आणू, डब्याचं आणू. माझं दूध तिच्यात उतरलं, सलीमा."

"तुझं दूध तिच्या तोंडात गेलंच नाही, तर उतरणार कुठून? माझं प्यायलीय ती!"

"रक्तातून उतरलं."

मी नम्रताला उठवायला वळले तर ही दारात आडवी. "दवाखान्यात नको नेऊ. नेलेलं लेकरू परत येत नाही. मी आणलंय परत, या हातांनी, कापडात."

मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण माझी भीती तोंडावाटे बाहेर पडते. "बाजूला हो!" मी अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरची दारं उघडली. "मागच्या वेळी उशीर केलात, आता मीपण बघत बसू? हो बाजूला, नाहीतर ढकलून देईन!" आणि गॅलरीतून खाली ओरडले, "मैनुद्दीन! रिक्षा काढ!"

वेणूबाई बाजूला झाली. इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा घाबरली.

रिक्षात नम्रता बाळाच्या तळव्यांना टिचक्या मारत होती. "ऊठ ना रे, बाळा, ऊठ ना." तो डोळे उघडत नव्हता. मध्येच एकदा रडला, पण ते रडणं बाळासारखं नव्हतं, बारीक, टोकदार, ऐकून अंगावर काटा यावा असं. आणि रडताना त्यानं मान जराशी मागे ओढली. वेणूबाईनं ते बघितलं. तिनं तोंडावर पदर दाबला. पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. मैनुद्दीन, जो कधी कुणाला हॉर्न मारत नाही, तो हॉर्नवर हात ठेवून बसला. मी नुसती 'या अल्ला, या अल्ला' करत होते. मला वाटलं, हे पोर पुलावरच जाणार.

दवाखान्यात गेल्या गेल्या नर्सनं बाळ हातातून घेतलंच. कपडे उतरवून गाठोडं माझ्या मांडीवर टाकलं. काचेपलीकडे निळे दिवे, त्याखाली ते एवढंसं पिवळं अंग, डोळ्यांवर पट्टी. साई ऑफिसातून धावत आला, गळ्यात ओळखपत्र तसंच. डॉक्टर पूर्वा म्हणून एक तरुण बाई होत्या. त्या म्हणाल्या, कावीळ खूप वाढलीय, मेंदूपर्यंत जायच्या आत बाळाचं रक्त बदलावं लागेल. थोडं काढायचं, थोडं घालायचं, असं करत करत. साईनं सही केली.

मग आम्ही बसलो. बाकावर जागा होती तरी वेणूबाई खाली जमिनीवर बसली, भिंतीकडे तोंड करून. नम्रताचं दूध झिरपून कुडता ओला झाला होता. ती म्हणाली, "अम्मी, त्याला भूक लागली असेल गं." मी तिचं डोकं छातीशी धरलं. दुसरं काय करणार होते?

कितीतरी वेळानं डॉक्टर बाहेर आल्या. "रक्त बदललंय. सध्या ठीक आहे. पण अजून धोका टळला असं मी म्हणणार नाही," म्हणाल्या आणि नम्रताशेजारी बसल्या. बसल्या आणि त्यांचं नाक आकसलं. माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हा वास कसला येतोय?"

"कुंची आहे बाळाची," मी म्हटलं. "डांबराच्या गोळ्यांत ठेवली होती."

त्यांनी कुंची उचलली, नाकाजवळ नेली, आणि बाजूला ठेवून दिली. "तरीच. बाळाचा रिपोर्ट बघून मला शंका होतीच." मग त्या सावकाश बोलल्या. काही मुलांच्या रक्तात जन्मापासूनच एक गोष्ट कमी असते. एरवी ते कळतही नाही. पण त्यांना डांबराच्या गोळीचा वास लागला, की आतल्या आत रक्त फुटायला लागतं. पिवळेपणा त्याचा, काळी लघवी त्याची. बहुतेक मुलग्यांनाच होतं आणि येतं आईच्या बाजूनं. मुलींना सहसा काही होत नाही, त्या पुढे नेतात फक्त. "तुमच्या माहेरी असा कुणी मुलगा होता का? जन्मल्यावर काविळीनं गेलेला?"

"नाही," नम्रता म्हणाली. "मी एकटीच आहे."

"होता," जमिनीवरून आवाज आला.

नम्रतानं मान वळवली.

"होता. तुझ्या अगोदर. त्यालाही याच ट्रंकेतलं घातलं होतं." वेणूबाई भिंतीला धरून उठली. तिला डॉक्टरांशी बोलायचं होतं, पण लिफ्टचं दार उघडलं की करते तसं तोंड करून ती उभी राहिली. शेवटी म्हणाली, "मग दूध?"

"आजी, दूध अगदी चालू ठेवायचं. आईचंच दूध द्यायचं."

"दुधात काही नसतं?"

"काही नसतं."

"तेव्हाही नव्हतं?"

तेव्हा म्हणजे कधी, हे डॉक्टरांना कुठून कळणार? तरी त्या म्हणाल्या, "नाही, आजी. तेव्हाही नव्हतं."

वेणूबाई माझ्याकडे वळली. "माझं दूध चांगलं होतं, सलीमा."

इतकी वर्षं मी मिरवत होते, की माझ्या दुधानं पोर जगवली. पोर तर जगणारच होती. आपल्या आईचं पिऊनही जगली असती.

"आई," नम्रता म्हणाली, "तू तर म्हणायचीस, तुला दूध आलंच नाही."

"आलं होतं. मी मोरीत टाकायची." वेणूबाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, दुखऱ्या गुडघ्यांवर. "तू मरशील म्हणून तुला जवळ घेतलं नाही. आणि ह्याला मारायला बसले होते. दूध चांगलं होतं गं. कपडे मी घातले. त्यालाही मीच घातले, ह्यालाही मीच."

"आणि शिवले कुणी?" मी खेकसले. मला दुसरं काही सुचलंच नाही. "एकटीनंच काय सगळं श्रेय घेतेस?"

नम्रता माझ्यावरही चिडली नाही, आईवरही नाही. ती थिजल्यासारखी आईकडे बघत होती. मग दार उघडलं आणि नर्सनं विचारलं, "बाळाची आई कोण? जागा झालाय, तोंड हलवतोय. थोडा वेळ घ्या जवळ."

आम्ही सगळेच उभे राहिलो. नर्स म्हणाली, आईबरोबर एकच जण. नम्रतानं साईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हात झटकला, म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? तिला ने."

मी काचेतून बघत होते. बाळ अजून पिवळंच होतं, हाताला नळ्या होत्या, आणि उद्या काय होईल हे कुणी सांगत नव्हतं. कावीळ मेंदूला लागली का ते कळायला त्याचे कान तपासायचे होते, पुढे चालतो कसा, बोलतो कधी, सगळं बघत राहायचं होतं. वेणूबाईला घाबरायला आता वर्षानुवर्षं पुरेल इतकं मिळालं होतं. नम्रतानं त्याला छातीशी धरलं. आधी तो चुकला, तोंड इकडेतिकडे करत राहिला, मग त्याला सापडलं. त्याचा गाल हलायला लागला. वेणूबाई शेजारच्या स्टुलावर बसली होती. मी वाट बघत होते, आता भिंतीकडे वळेल, आता डोळे मिटेल.

तिनं डोळे मिटले नाहीत. बाळाचं पिऊन होईपर्यंत ती बघत राहिली.